पोरगी ठेवायची कुठं?

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की पहिल्या दिवसाची हजेरी मी मुद्दाम सावकाश घ्यायचे. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी नऊ वर्षं शिकवलं. नववीच्या पटावर चाळीसेक नावं असत आणि सुट्टीनंतर त्यातल्या निम्म्या नावांना उत्तर येत नसे. ही मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला, उसाच्या फडावर गेलेली असत; कुणी सांगलीकडे, कुणी कर्नाटकात. होळीनंतर मुलगे एकेक करून परतत, उन्हानं रापलेले, पाचटानं हात चिरलेले. मुलींपैकी काही येत, काही येत नसत. मग जूनमध्ये एखादा बाप कार्यालयाच्या दारात घुटमळे आणि म्हणे, "मॅडम, पोरीचा दाखला पायजे होता." दाखला कशाला, हे विचारावं लागत नसे.

मी बोलून बघायचे. कायदा सांगायचे, लवकरच्या बाळंतपणात काय होतं ते सांगायचे. एकदा एका मुलीच्या आईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ती अडाणी नव्हती. सातवी शिकलेली होती, आणि स्वतः पंधराव्या वर्षी उजवली गेलेली होती. ती म्हणाली, "बाई, तुम्ही म्हणता ते सगळं खरंय. पण दसऱ्यानंतर आम्ही गाडी धरली की पोरगी ठेवायची कुठं, तेवढं सांगा." माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या घरी ठेवा, असं म्हणायचं धाडस मला झालं नाही. पुढच्या मे महिन्यात त्या मुलीचं लग्न झालं.

त्यानंतर बालविवाहाबद्दलचं प्रत्येक भाषण, प्रत्येक योजना मी या एका प्रश्नावर घासून बघत आले आहे. बहुतेक सगळ्या तिथेच उघड्या पडतात. कारण आपण अजूनही असं धरून चाललो आहोत की आईबापांना कळत नाही, त्यांना समजावलं की झालं. माझा अनुभव उलटा आहे. त्यांना सगळं कळतं. त्यांनी हिशेब केलेला असतो, आणि त्यांच्या परिस्थितीत तो हिशेब बरोबर येतो. तो चुकीचा ठरेल अशी परिस्थिती आपण तयार केलेली नाही.

आधी चित्र केवढं मोठं आहे ते पाहू. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांना त्यांचं लग्न कितव्या वर्षी झालं हे विचारलं गेलं. देशात शंभरातल्या २३ जणींचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेलं निघालं. २००५-०६च्या पाहणीत हाच आकडा ४७ होता, म्हणजे घट खरी आहे आणि मोठी आहे. महाराष्ट्राची सरासरी २२च्या आसपास. पण सरासरी ही मोठी फसवी गोष्ट. त्याच पाहणीत भंडारा जिल्ह्यात हे प्रमाण एकअंकी होतं, परभणीत ४८ आणि बीडमध्ये ४४च्या घरात. एकाच राज्यात, एकाच कायद्याखाली, एकाच भाषेत जनजागृतीची पत्रकं वाटली जात असताना हा फरक पडतो. तेव्हा कारण पत्रकांत शोधून उपयोग नाही. ते माणसांच्या कामात, शिवारात आणि प्रवासात शोधायला हवं.

मी बीडबद्दल बोलते, कारण मला तेच माहीत आहे. धुळे-नंदुरबारकडची कारणं वेगळी असतील, शहरातल्या वस्त्यांतली आणखी वेगळी. सगळे बालविवाह उसामुळे होतात असं माझं म्हणणं नाही. पण उसाची गोष्ट नीट समजून घेतली, तर बाकीच्या ठिकाणीही कुठं बोट ठेवायचं ते कळेल असं मला वाटतं.

ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवराबायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. नवऱ्यानं ऊस तोडायचा, बायकोनं तो सोलायचा, मोळ्या बांधायच्या, आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा कंत्राटदार, उचल म्हणजे आगाऊ रक्कम देतो ती जोडीला. आता ती लाखाच्या घरात जाते. अर्ध्या कोयत्याला निम्मी उचलही मिळेल याची खात्री नसते, आणि टोळीत त्याला कुणी पटकन घेत नाही. तेव्हा घरात वीस-एकवीस वर्षांचा मुलगा असला की त्याला बायको हवी असते ती संसारासाठी जितकी, तितकीच पुढच्या हंगामासाठी. मुलाचं लग्न झालं की घरात एक कोयता वाढतो. या शब्दप्रयोगात कुणालाही काही वावगं वाटत नाही, इतका तो रुळलेला आहे.

लग्नाचा खर्च कुठून येतो? उचलीतून. मांडव, जेवण, मुलाच्या हातातली अंगठी, मुलीच्या गळ्यातली पोत, हे सगळं मुकादमाच्या पैशातून होतं, आणि ते फेडायला दसऱ्यानंतर नवी नवरी फडावर जाते. सोळा वर्षांची मुलगी सहा महिने मोळ्या वाहून स्वतःच्याच लग्नाचं कर्ज फेडते, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. एक दिवस ताप आला, बाळ आजारी पडलं, कामाला गेली नाही, तर खाडा लागतो, म्हणजे दंड कापला जातो. पाचशे, हजार, जसा मुकादम असेल तसा. पाळीच्या दिवसांतही खाडा लागतोच. मग दोन-तीन बाळंतपणं उरकली की पंचविशी-तिशीत पिशवी काढून टाकायचा सल्ला मिळतो. २०१९ साली बीड जिल्ह्यात आरोग्य खात्यानं ऊसतोड करणाऱ्या सुमारे ८२ हजार बायकांची पाहणी केली, तेव्हा त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. तेव्हा विधिमंडळात गदारोळ झाला, समिती नेमली गेली. लोक पिशवीबद्दल बोलले. मला त्या आकड्याच्या मागे नववीच्या पटावरची नावं दिसत होती. पंधराव्या वर्षी लग्न, सोळाव्या-सतराव्या वर्षी पहिलं बाळंतपण, विशीत तीन मुलं आणि मग पिशवी, अशी ती एकच साखळी आहे.

ही झाली मुलाकडची बाजू. मुलीच्या आईबापांची बाजू त्याहून अवघड आहे. गावातली जिल्हा परिषदेची शाळा सातवीला, फार तर आठवीला संपते. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा २००९चा कायदा चौदाव्या वर्षी हात काढून घेतो. नेमक्या याच वयात आईबापांपुढे तीन वाटा असतात. मुलीला फडावर न्यायचं, तर तिथं पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत राहायचं. दार म्हणजे साडीचा आडोसा, आंघोळ अंधारात, आणि शौचाला उसात. ट्रकचे ड्रायव्हर, अनोळखी टोळ्या, दिवसभर आईबाप फडात आणि पोरगी कोपीवर एकटी. गावात ठेवायचं, तर आजी असेल तर आजीजवळ. आणि आजीला दिसत नाही, ऐकू येत नाही. सहा महिने ओस पडलेल्या गावात वयात आलेल्या मुलीचं काय होईल, या धास्तीनं आईला फडावर रात्री झोप लागत नाही. तिसरी वाट लग्नाची. मुलगी एकदाची दिल्या घरी गेली की जबाबदारी सासरची. ज्या आईनं मला तो प्रश्न विचारला, तिनं या तीन वाटांतली तिच्या मते सर्वांत कमी वाईट वाट निवडली होती. तिला दोष देण्याआधी चौथी वाट आपण तिला दाखवली का, हे बघावं लागेल.

यात आणखी एक गाठ आहे. २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. राज्यात सर्वांत कमी. गर्भलिंग तपासून मुली पाडण्याचा तो काळ. त्या वेळी शून्य ते सहा वर्षांच्या असलेल्या, म्हणजेच जन्माला येऊ दिल्या गेलेल्या मुली आज चौदा-पंधराच्या पुढं, विशीपर्यंत आहेत. लग्नाच्या बाजारात आज ज्यांना मागणी येते त्या याच. मुली कमी झाल्या तर त्यांची किंमत वाढेल, त्यांना मान मिळेल, असं काही जण म्हणत. झालं भलतंच. मुली कमी म्हणून तीस वर्षांची बिनलग्नाची मुलं गावोगाव बसली आहेत, आणि त्यांच्याकडची मंडळी नववीतल्या पोरीकडे डोळा लावून असतात. खर्च आम्ही करू, हुंडा नको, फक्त पोरगी द्या. गरीब बापाला हे नाकारणं जड जातं, कारण पुढं तीन वर्षांनी हुंडा मागणाराच येईल याची त्याला खात्री असते. मुलगी शिकली की तिच्याहून जास्त शिकलेला नवरा शोधावा लागतो आणि त्याचा दर चढा असतो. शिक्षणानं मुलीची किंमत वाढते असं आपण म्हणतो, तेव्हा त्या बापाला शिक्षणानं वाढणारा हुंडा दिसत असतो.

मग कायदा काय करतो?

कायद्याचा इतिहास आपल्या मराठी माणसांना तरी नवा नसावा. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंनी नांदायला नकार दिला, तेव्हा १८८७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयानं त्यांना नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असं सांगितलं. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढं तडजोड झाली, रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन आल्या आणि सुरत, राजकोटला त्यांनी आयुष्यभर बायकांवर उपचार केले. संमतिवयाचा कायदा १८९१ला झाला तेव्हा वय दहाचं बारा झालं, आणि त्यावरून पुण्यात टिळक एका बाजूला, आगरकर दुसऱ्या बाजूला असा वाद पेटला. १९२९च्या सारडा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय चौदा केलं, १९४९ला ते पंधरा झालं, १९७८ला अठरा.

सारडा कायद्याची एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. कायदा १९२९च्या सप्टेंबरअखेर मंजूर झाला आणि १ एप्रिल १९३०पासून लागू झाला. मधल्या सहा महिन्यांत देशभर लग्नांची झुंबड उडाली. कायदा लागायच्या आत पोरीबाळींची लग्नं उरकून टाकली गेली, आणि १९३१च्या जनगणनेत बालवधूंची संख्या वाढलेली निघाली. लोकांना कायदा कळला नव्हता असं नाही. तो चांगलाच कळला होता, म्हणून तर त्यांनी तो चुकवला. जवळजवळ शंभर वर्षांनंतर हेच दृश्य मी लहान प्रमाणात पाहत होते. अठरा वर्षांचा कायदा माहीत नाही असा एकही बाप मला नऊ वर्षांत भेटला नाही. आधार कार्डावर जन्मसाल कसं बदलून घ्यायचं, लग्नपत्रिका छापायची नाही, हळद मध्यरात्री लावायची, साखरपुड्याचं नाव सांगून त्याच मांडवात अक्षता टाकायच्या, हे सगळं त्यांना कायदा माहीत असल्यामुळेच जमत होतं.

२००६च्या बालविवाह प्रतिबंधक अधिनियमाखाली आपल्याकडे गावपातळीवर ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे आणि अंगणवाडी सेविका त्याची सहायक. कागदावर हे बरोबर वाटतं. प्रत्यक्षात अंगणवाडी सेविका त्याच गावची सून असते, आणि नवरीच्या आईबरोबर तिचं रोजचं पाणी भरणं असतं. ग्रामसेवकाला सरपंचाच्या सहीशिवाय काम पुढं नेता येत नाही, आणि लग्न सरपंचाच्या भावकीतलं असलं तर? मी एक लग्न थांबलेलं पाहिलं आहे. चाइल्डलाइनच्या १०९८वर फोन गेला, पोलीस आले, ग्रामसेवक आले, आईबापांकडून हमीपत्र लिहून घेतलं, फोटो निघाले, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी आली. तीन आठवड्यांनी शेजारच्या तालुक्यातल्या एका देवस्थानात तेच लग्न लागलं. हमीपत्र फाइलीत आहे. त्या हमीपत्रानंतरच्या तीन आठवड्यांत त्या घरी एकदाही कुणी गेलं नव्हतं, मीही नाही.

देशभरात या कायद्याखाली २०२१ साली नोंदलेले गुन्हे हजाराच्या आसपास होते. होणाऱ्या लग्नांपुढे हा आकडा काहीच नाही. म्हणून काही जण म्हणतात, कडक व्हा, तुरुंगात टाका. आसामनं २०२३च्या फेब्रुवारीत ते करून बघितलं. काही दिवसांत तीन हजारांहून अधिक लोकांना अटक झाली, आणि पोलीस ठाण्यांबाहेर कोवळ्या वयाच्या बायका कडेवर मुलं घेऊन नवऱ्यांसाठी रडत उभ्या राहिलेल्या साऱ्या देशानं पाहिल्या. कायद्याचं बळ ज्या मुलीसाठी होतं, तिच्याच पोटावर ते पडलं. आपल्याकडे हे इतक्या गाजावाजानं झालं नाही, पण त्याचंच लहान रूप रोज दिसतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली अठराखालच्या पत्नीशी संबंध हा बलात्कारच आहे असं स्पष्ट केलं. तत्त्व म्हणून ते योग्यच आहे. पण त्याचा परिणाम असा झाला की सतरा वर्षांची गरोदर मुलगी सरकारी दवाखान्यात गेली की डॉक्टरला पोलिसांत कळवावं लागतं, आणि घरच्यांना हे माहीत असल्यामुळे ते तिला दवाखान्यातच नेत नाहीत. जिला रक्त कमी आहे, जिचं शरीर बाळंतपणाला तयार नाही, तिलाच सुईणीच्या भरवशावर सोडलं जातं. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं बालविवाहावर सविस्तर निकाल देताना शिक्षेआधी प्रतिबंध आणि मुलीचं संरक्षण यांवर भर दिला. दवाखान्यातली ही भीती काढून टाकायला काही वेगळी व्यवस्था लागेल, आणि ती लवकर व्हायला हवी.

लग्नाचं वय एकवीस करण्याचं विधेयक २०२१च्या डिसेंबरमध्ये संसदेत आलं होतं. लोकसभा बरखास्त झाली आणि ते बारगळलं. मला त्याचं दुःख नाही. जिथं अठराचाच कायदा पाळला जात नाही, तिथं एकवीसचा करून आपण फक्त गुन्हेगारांची संख्या वाढवली असती.

आता पैशाच्या योजना. पश्चिम बंगालनं २०१३पासून कन्याश्री योजना चालवली. दरवर्षी शिष्यवृत्ती आणि अठरा पूर्ण झाल्यावर अविवाहित मुलीला २५ हजार रुपये. योजनेचं जगभर कौतुक झालं, आणि मुली शाळेत जास्त टिकल्याही. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्याच्या चौथ्या पाहणीत तिथलं बालविवाहाचं प्रमाण ४१.६ टक्के होतं आणि पाचव्या पाहणीतही ४१.६च. आपल्या लेक लाडकी योजनेत पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या घरातल्या मुलीला जन्मापासून अठरापर्यंत टप्प्याटप्प्यानं एक लाख एक हजार मिळतात. त्यातले ७५ हजार अठरा पूर्ण झाल्यावर. पैसा मिळावा, त्याला माझा विरोध नाही. पण त्या ७५ हजारांचं काय होणार हे मी आजच सांगते: ते हुंड्यात जातील. आणि जी मुलगी दसऱ्याला एकटी घरात राहू शकत नाही, तिला अठराव्या वर्षी मिळणारे पैसे पंधराव्या वर्षी थांबवून ठेवू शकत नाहीत. बांगलादेशात एक वेगळा प्रयोग झाला. पंधरा ते सतरा वर्षांच्या मुलीचं लग्न झालेलं नसेल तर तिच्या घराला दर चार महिन्यांनी स्वयंपाकाचं तेल दिलं गेलं. इतकंच. तरी बालविवाह सुमारे एक पंचमांशानं कमी झाले. मला यातलं तेलापेक्षा वेळेचं भान महत्त्वाचं वाटतं. मदत आत्ता, याच वर्षी, दर चार महिन्यांनी मिळत होती. थांबायचा निर्णय घरात ज्या दिवशी होतो, त्या दिवसाच्या जवळ.

आपल्याकडेही काय चालतं याची उदाहरणं आहेत. पैठण तालुक्यातल्या पाचोडला तिथल्या आरोग्य संस्थेनं नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वयात येणाऱ्या मुलींसाठी संध्याकाळी तासाभराचे वर्ग सुरू केले. वर्षभर, गावातल्याच एखाद्या शिकलेल्या बाईकडे. लिहिणं-वाचणं, शरीर, पैसे, सरकारी कचेरीत कसं बोलायचं, असं सगळं. काही वर्षांत त्या गावांत मुलींच्या लग्नाचं मधलं वय सोळावरून सतरावर गेलं. एक वर्ष म्हणजे फार वाटणार नाही. पण एक वर्ष म्हणजे दहावी, आणि दहावी झाली की मुलगी पुढच्या वर्षासाठी भांडायला शिकते. बिहारनं २००६मध्ये नववीच्या मुलींना सायकली दिल्या आणि माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुली तिथं सुमारे बत्तीस टक्क्यांनी वाढल्या. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमाच्या बस आणि सायकली आहेत, एस.टी.चा मोफत पास आहे. आमच्या शाळेत बस वेळेवर यायची त्या वर्षी नववीत मुली टिकायच्या, आणि रस्ता खचून बस बंद पडली त्या वर्षी पट गळायचा. हे मी कुठल्या अहवालातून सांगत नाही, माझ्या हजेरीपटातून सांगते.

आणि वसतिगृह. मला वाटतं सगळ्या गोष्टींचा कळीचा मुद्दा हाच आहे. २०२१ साली राज्य सरकारनं ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना जाहीर केली. ४१ तालुके, प्रत्येक तालुक्यात मुलांचं एक आणि मुलींचं एक, प्रत्येकी शंभर जागा. म्हणजे सगळी वसतिगृहं पूर्ण भरली तरी मुलींना ४,१०० जागा. राज्यात ऊसतोडीला जाणाऱ्यांचा अंदाज दहा लाखांच्या आसपास सांगतात. त्यांच्यातल्या आठवी ते बारावीच्या मुली किती असतील, हे कुणीही बोटांवर मोजून बघावं. माझं साधं म्हणणं आहे: दसरा ते गुढीपाडवा, आठवी ते बारावीतल्या ऊसतोड घरातल्या एकाही मुलीला तालुक्याच्या ठिकाणी जागा नाही असं होऊ नये. इमारत नवी नको. भाड्याची चालेल, पण दाराला आतून कडी हवी, पाणी हवं, वॉर्डन बाई हवी, आणि ती रात्री तिथंच राहणारी हवी. ती गावातली ओळखीची असली तर आई निर्धास्तपणे कोयता उचलेल.

पैसा नाही असं कुणी म्हणू नये. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपाच्या टनाला दहा रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारनं घालायचे, असं ठरलेलं आहे. चांगल्या हंगामात राज्यात हजार लाख टनांच्या वर ऊस गाळला जातो. हिशेब करा, कारखान्यांचेच शंभर कोटी होतात.

कारखान्यांकडून मला आणखी एक हवं आहे. कारखाना म्हणतो, मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे आहेत. पण तोडणीची स्लिप कारखान्याची, वजनकाटा कारखान्याचा, मुकादमाला दिलेली उचलही बहुतेक वेळा कारखान्याच्याच पैशातून गेलेली. २०२४च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला तेव्हा वाटाघाटीला साखर संघच बसला होता. मग ज्याचा दर तुम्ही ठरवता, त्याचं वय तुम्ही का विचारत नाही? हंगामाच्या सुरुवातीला टोळीतल्या प्रत्येक बाईची शाळेच्या दाखल्यावरून स्वतंत्र नोंद करा. आधारवरून नको, शाळेच्या मूळ नोंदीवरून. अठराखालची मुलगी असेल तर तिला कोयता धरता येणार नाही, आणि म्हणून त्या जोडीला उचलही मिळणार नाही, हे एकदा गावात पक्कं झालं की पंधरा वर्षांची सून आणण्यातला फायदाच संपतो. बाईच्या नावावर तिची मजुरी वेगळी जमा झाली, तर अर्धा कोयता हा शब्दही हळूहळू जाईल. पुरुषाला एकट्याला काम मिळू द्या. बायको हे कामाचं अवजार असेपर्यंत ती लहानच आणली जाईल.

एक गोष्ट टाळून पुढं जाणं बरं नव्हे. बऱ्याच आईबापांना खरी भीती असते ती मुलगी पळून जाईल याची. मोबाइल आल्यापासून ती वाढली आहे. सोळा वर्षांच्या मुलीला कुणीतरी आवडतो, ही गोष्ट आपल्या गावात अजून गुन्हा मानली जाते, आणि तिच्यावरचा उपाय म्हणून आठवड्याच्या आत तिचं लग्न लावलं जातं. याला वसतिगृह पुरं पडणार नाही. इथं पाचोडसारखे वर्ग लागतील, मुलींशी आणि मुलांशीही त्यांच्या शरीराबद्दल मोकळेपणानं बोलणारी माणसं लागतील, आणि शाळेत असा एक तरी शिक्षक लागेल ज्याच्याजवळ मुलगी पहिल्यांदा येऊन बोलेल. मुलीनं बोलावं असं वाटत असेल, तर बोलल्यावर तिची शाळा बंद होणार नाही ही खात्री तिला हवी.

आणि ज्यांचं होऊन गेलं आहे त्या? नववीतली एक मुलगी जानेवारीत एकदा शाळेत आली होती. कोपरापर्यंत हिरवा चुडा, मंगळसूत्र ओढणीखाली लपवलेलं. बीजगणितात ती वर्गात पहिली यायची. तिला वार्षिक परीक्षेला बसायचं होतं. कार्यालयात तिला सांगण्यात आलं की लग्न झालेल्या मुलीला वर्गात बसवता येत नाही, बाकीच्या मुलींवर परिणाम होतो. असा नियम कुठंही नाही. मला ते तेव्हाही माहीत होतं, आणि मी गप्प बसले. ती व्हरांड्यात थोडा वेळ उभी राहिली, फळ्याकडे बघितलं आणि गेली. लग्न झालेल्या मुलीसाठी शाळेचं दार बंद करणारा प्रत्येक जण त्या लग्नावर शिक्का मारतो, हे मला त्या दिवशी कळायला हवं होतं. कायद्यानं तिला विसाव्या वर्षापर्यंत ते लग्न रद्द करून मागायचा हक्क आहे. पण तो हक्क वापरायला ती आधी शिकलेली, उभी राहिलेली हवी, आणि तिला परत जायला जागा हवी. पुन्हा प्रश्न तोच येतो.

दरवर्षी सप्टेंबरमध्ये सहकारी साखर कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा होतात. हा लेख वाचणाऱ्यांपैकी अनेक जण, किंवा त्यांचे वडील, काका, सासरे, कुठल्या ना कुठल्या कारखान्याचे सभासद असतील. ऊसदरावर, साखरेच्या वाटपावर, कामगारांच्या बोनसवर तिथं तावातावानं बोललं जातं. या वर्षी उभं राहून एवढंच विचारा: आपल्या कारखान्याच्या फडावर गेल्या हंगामात अठराखालच्या किती बायका होत्या, आणि त्यांची नोंद कुठं आहे? अध्यक्षांकडे उत्तर नसेल. ते इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. दसऱ्याला गाड्या निघायच्या आत.